कुपा मासेमारी

कुपा मासेमारी : कोकणात कुपा किंवा गेदर आणि व्यापारात ट्यूना या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या सागरी माशांना पकडण्याचा उद्योग. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर हे मासे मुख्यतः पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत, किनाऱ्यापासून दूर आणि रात्री पकडले जातात. नौकेने एक किंवा अनेक रात्री समुद्रात काढणे हे या मासेमारीचे वैशिष्ट्य होय. कुपा हा जागतिक व्यापारातील अत्यंत मौल्यवान माशांपैकी एक असला, तरी कोकणच्या बंदरांवर त्याला सुरमई वा पापलेट यांच्या तुलनेने कमी भाव मिळतो. या तफावतीचे एक महत्त्वाचे कारण माशाच्या शरीररचनेत आणि तो जाळ्यात अडकल्यापासून बर्फात जाईपर्यंतच्या काही तासांत आढळते.

जाती : कुप्यांचा समावेश बांगडा व सुरमई यांच्याबरोबर स्काँब्रिडी या मत्स्यकुलात होतो. जगात त्यांच्या पाच वंशांतील १५ जाती ज्ञात आहेत. महाराष्ट्राच्या किनाऱ्यालगत मिळणाऱ्यांपैकी यूथिनस ॲफिनिस ही जाती सर्वपरिचित आहे. तिच्या पाठीच्या मागील भागावर तिरपे, तुटक, काळसर पट्टे असतात व छातीच्या पराखाली थोडे काळे ठिपके दिसतात. तिची लांबी सामान्यतः ६० सेंमी.पर्यंत असते व कमाल १०० सेंमी.पर्यंत पोहोचते. थुनस टोंगोल हा लांब शेपटीचा कुपा उत्तर अरबी समुद्रात, विशेषतः गुजरात व महाराष्ट्र यांच्या किनाऱ्यांपुढे आढळतो. ऑक्सिस वंशातील दोन जाती आकाराने लहान आहेत. खोल पाण्याच्या बाजूस कात्सुवोनस पेलॅमिस हा पोटावर लांब काळे पट्टे असलेला कुपा व थुनस अल्बाकारेस हा पिवळ्या परांचा कुपा मिळतो. पिवळ्या परांच्या कुप्याची लांबी २ मी.पेक्षाही अधिक होऊ शकते.

शरीररचना व शरीराची उष्णता : कुप्याचे शरीर चातीच्या आकाराचे, मध्यभागी जाड व दोन्ही टोकांकडे निमुळते असते. शेपटीचा पर चंद्रकोरीसारखा असून त्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंस कणखर कंगोरे असतात. पाठीवरच्या व गुदाच्या परांमागे लहान परकांची ओळ असते. ही सर्व रचना सतत व वेगाने पोहण्यास उपयुक्त आहे. पोहणे ही कुप्याची श्वसनाचीही गरज आहे. इतर अनेक मासे तोंडाची व कल्ल्यांवरील झाकणांची उघडझाप करून कल्ल्यांवरून पाणी वाहते ठेवतात. कुपा मात्र तोंड किंचित उघडे ठेवून पुढे जातो व पाणी आपोआप कल्ल्यांवरून वाहते. त्याला जागीच रोखून धरले, तर तो थोड्याच वेळात गुदमरतो.

बहुतेक माशांच्या शरीराचे तापमान भोवतालच्या पाण्याइतकेच असते. कुपा त्यास अपवाद आहे. जॉन डेव्ही यांनी १८३५ मध्ये कुप्याचे शरीर पाण्यापेक्षा उबदार असल्याची नोंद केली. पुढे १९६६ मध्ये एफ. जी. केरी व जे. एम. टील यांनी स्नायूंमध्ये उष्णता टिकून राहण्याच्या यंत्रणेविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. कुप्याच्या लाल स्नायूंजवळ सूक्ष्म रोहिण्या व नीला यांचे दाट जाळे असते. त्यात उबदार व थंड रक्त विरुद्ध दिशांनी शेजारून वाहते. त्यामुळे स्नायूंत निर्माण झालेली उष्णता कल्ल्यांतून पाण्यात निघून न जाता परत शरीरात येते. या योजनेमुळे कुप्याला वेग व दमदारपणा लाभतो. मात्र पकडला गेल्यावर तडफडताना त्याचे मांस आणखी तापते व मेल्यावरही लवकर थंड होत नाही. तापलेले मांस फिकट, मऊ व पाणचट होते, चवीला किंचित आंबूस लागते आणि उंची बाजारात नाकारले जाते.

शरद ऋतूतील हंगाम : पश्चिम किनाऱ्यावर केंद्र शासनाने निश्चित केलेला मासेमारीबंदीचा काळ २०१५ पासून १ जून ते ३१ जुलै असा ६१ दिवसांचा आहे. कोळी समाजात श्रावणातील नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण करून नव्या हंगामास आरंभ करण्याची परंपरा आहे. प्रारंभीच्या आठवड्यांत समुद्र खवळलेला व किनाऱ्याजवळचे पाणी गढूळ असते. पेण व रोहे तालुक्यांतील डोंगरांवर पडलेले पावसाचे पाणी भोगावती, अंबा व कुंडलिका या नद्यांवाटे धरमतर व रेवदंडा येथील खाड्यांना मिळते. त्याबरोबर येणारा गाळ व गोडे पाणी यांमुळे अलिबाग-मुरूडपुढील समुद्राचे पाणी मचूळ व धूसर होते. लांब शेपटीचा कुपा गढूळ व कमी खारट पाणी टाळतो. भाद्रपद संपून आश्विन लागला, की नद्यांचा ओघ कमी होतो, पाणी निवळते, क्षारता वाढते आणि कुप्यांचे थवे किनाऱ्याच्या बाजूस सरकू लागतात. पावसाळ्यातील पोषक द्रव्यांवर वाढलेली प्लवकसृष्टी व तिच्यावर जगणारे लहान मासे हे त्यांचे खाद्य याच सुमारास मुबलक असते.

याला आणखी एका गोष्टीचे साहाय्य होते. अरबी समुद्रात पृष्ठभागाखालील पाण्याचा एक जाड थर प्राणवायूने अत्यंत गरीब आहे. कुप्याला प्राणवायू भरपूर लागत असल्याने तो या थरात फार काळ राहू शकत नाही व वरच्या पाण्यातच अधिक वावरतो. त्यामुळे पृष्ठभागाजवळ तरंगणाऱ्या जाळ्यांच्या टप्प्यात तो येतो. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र कृत्रिम उपग्रहांनी टिपलेले समुद्रपृष्ठाचे तापमान व पाण्यातील हरितद्रव्य यांवरून मासे मिळण्याची शक्यता असलेल्या क्षेत्रांची सूचना प्रसृत करते. ढगाळ पावसाळा संपल्यावर अशी निरीक्षणे अधिक नियमितपणे मिळतात.

रात्रीच्या मासेमारीचा क्रम : रायगड जिल्ह्यात करंजा, रेवस, थळ, अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन इ. ठिकाणी मासेमारी नौकांची बंदरे आहेत. तरत्या गिलनेटने मासेमारी करणारी नौका डिझेल एंजिनावर चालते. तीवर तांडेल व साधारणतः सहा ते दहा खलाशी असतात. निघताना डिझेल, गोडे पाणी, शिधा व फोडलेला बर्फ भरून घेतात. बर्फ किती घ्यावा, हा निर्णय बंदरातच करावा लागतो. एकदा समुद्रात गेल्यावर तो वाढविता येत नाही, आणि मासे न मिळाल्यास त्यावरील खर्च वाया जातो.

गिलनेट हे नायलॉनचे, भिंतीसारखे उभे राहणारे जाळे आहे. वरच्या दोरीला बोये व खालच्या दोरीला वजने बांधलेली असतात. अनेक तुकडे एकमेकांना जोडून त्याची लांबी एक-दोन किमी. किंवा त्याहून अधिक केली जाते. माशाचे डोके जाळ्याच्या आसातून आत जाते, धड अडते आणि मागे सरताना कल्ले धाग्यात गुंततात. त्यामुळे आसाच्या आकारावरून कोणत्या आकारमानाचा मासा मिळणार हे बऱ्याच अंशी ठरते. दिवसा कुप्याला जाळे दिसते व तो ते टाळतो. म्हणून जाळे सूर्यास्ताच्या सुमारास सोडतात. काळोख्या रात्री त्यासाठी अधिक अनुकूल मानल्या जातात. जाळ्याच्या दूरच्या टोकाला बोयावर दिवा लावतात व जवळचे टोक नौकेला बांधून एंजिन बंद करतात. मग नौका व जाळे प्रवाहाबरोबर एकत्र वाहत राहतात. या वेळात खलाशी आळीपाळीने जागतात. मोठ्या जहाजांच्या मार्गात जाळे येऊ नये, याकडे सतत लक्ष ठेवावे लागते. उत्तररात्री जाळे ओढण्यास सुरुवात होते व ते काम बहुधा उजाडेपर्यंत चालते. कुप्याबरोबर सुरमई, मुशी, तोवर इ. मासेही मिळतात.

जाळ्यापासून बर्फापर्यंतचा वेळ : मासा डेकवर आल्यावर त्याची निगा सुरू होते, असा सर्वसाधारण समज आहे. कुप्याच्या बाबतीत तो अपुरा ठरतो. पुढे जाण्यावरच श्वसन अवलंबून असल्याने जाळ्यात रोखला गेलेला कुपा लवकर मरतो. ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रापुढील समुद्रपृष्ठाचे तापमान सु. २८° ते २९° से. असते. संध्याकाळी सात वाजता अडकलेला मासा पहाटे चार वाजता वर काढला, तर तो जवळजवळ नऊ तास कोमट पाण्यात मृतावस्थेत राहिलेला असतो. पहाटे तीन वाजता अडकलेला मासा त्याच ढिगात येतो, तेव्हा दोघांच्या बाह्य रूपात फारसा फरक दिसत नाही. गुणवत्तेत मात्र मोठा फरक असतो.

हा प्रश्न केवळ चवीचा नाही. कुपा, बांगडा यांसारख्या माशांच्या मांसात हिस्टिडीन हे ॲमिनो अम्ल विपुल असते. मासा उबदार राहिल्यास कल्ले व आतडी यांतील सूक्ष्मजंतू वाढतात व त्यांच्यातील एंझाइम हिस्टिडिनाचे रूपांतर हिस्टामिनात करते. असे मांस खाल्ल्यावर काही मिनिटांपासून काही तासांत चेहरा लाल होणे, डोके दुखणे, अंगाला खाज सुटणे, छातीत धडधडणे, उलट्या व जुलाब अशी लक्षणे दिसतात. ती बहुधा एका दिवसात ओसरतात, परंतु दमा किंवा हृदयविकार असलेल्यांना त्यांपासून धोका संभवतो. एकदा निर्माण झालेले हिस्टामीन शिजविण्याने, तळण्याने, खारविण्याने किंवा डबाबंद करण्याने नष्ट होत नाही. वास व रूप यांवरूनही ते खात्रीने ओळखता येत नाही. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांनुसार १०० ग्रॅ. मांसात सरासरी १० मिग्रॅ.पेक्षा अधिक हिस्टामीन हे मासा बिघडल्याचे लक्षण मानतात. आरोग्याच्या दृष्टीने २० मिग्रॅ. ही मर्यादा आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मार्गदर्शक नियमांनुसार पाण्याचे वा हवेचे तापमान २८.३° से.च्या वर असल्यास असा मासा मृत्यूनंतर सहा तासांच्या आत बर्फात गेला पाहिजे. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत एकदाच टाकलेले जाळे ही मर्यादा सहज ओलांडते.

उपाय अवघड नाहीत. जाळे कमी वेळ पाण्यात ठेवणे, मध्यरात्री ते एकदा तपासून सापडलेले मासे काढून घेणे, कल्ले व आतडी काढून पोट धुणे आणि माशाच्या वजनाइतका बर्फ वापरणे, हे त्यांतील प्रमुख होत. माशांवर केवळ वरून बर्फ टाकण्यापेक्षा पोटात व सर्व बाजूंनी चुरा भरल्यास किंवा बर्फ व समुद्राचे पाणी यांच्या मिश्रणात मासा बुडविल्यास तो लवकर गार होतो. मात्र दोनदा जाळे ओढण्याने श्रम वाढतात व जाळे पाण्यात राहण्याचा वेळ घटल्याने मासे कमी मिळण्याची शक्यता असते. अधिक बर्फाने खर्च वाढतो व साठवणीची जागा अडते. लिलावात चांगला व मध्यम मासा एकाच ढिगात एकाच भावाने विकला गेल्यास ही काळजी घेणाऱ्या नौकेस तिचा मोबदला मिळत नाही. कमी भावामुळे निगा कमी व निगा कमी म्हणून भाव कमी, असे हे चक्र आहे. माशाची प्रत पाहून भाव ठरविणारी विक्रीव्यवस्था असल्याशिवाय ते मोडणे कठीण आहे.

अन्य पद्धती : लक्षद्वीपमध्ये, विशेषतः मिनिकॉय बेटावर, कुपा दिवसा काठी-दोरीने पकडतात. जिवंत लहान मासे आमिष म्हणून समुद्रात टाकून व पाण्याचे तुषार उडवून थवा नौकेजवळ आणतात आणि एकेक मासा गळाने वर घेतात. तेथे मासा शिजवून, धुरावून व वाळवून ‘मास’ हा टिकाऊ पदार्थ तयार करण्याची जुनी परंपरा आहे. लांब दोरीच्या पद्धतीत (लाँगलाइन) मुख्य दोरीला ठरावीक अंतरावर आमिष लावलेले गळ सोडतात. बांगडा, तारली व माकूळ हे आमिष म्हणून वापरले जातात. जपानी नौकांनी १९५२ पासून हिंद महासागरात या पद्धतीने कुपा पकडण्यास प्रारंभ केला. मुंबईतील भारतीय मत्स्य सर्वेक्षण या संस्थेने भारतीय समुद्रातील कुप्यांची पाहणी याच पद्धतीने केली आहे. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या खोल समुद्र मासेमारी केंद्रातून ही संस्था विकसित झाली असून १९८३ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅन दिएगोसारख्या बंदरांतून हौशी लोक भाड्याच्या नौकांतून रात्रीचा प्रवास करून कुप्याच्या गळमासेमारीला जातात. उन्हाळा व शरद ऋतू हे त्याचे दिवस होत. येथे प्रत्येक मासा जिवंत डेकवर येतो. त्यातील रक्त लगेच काढून तो थंड केलेल्या समुद्राच्या पाण्यात ठेवता येतो. एकाच कुळातील माशांच्या प्रतीत पडणारा फरक पकडण्याच्या पद्धतीमुळे किती वाढतो, हे यावरून स्पष्ट होते.

भाडेकराराच्या नौका : भारतात कुपा मासेमारीच्या संदर्भात चार्टर हा शब्द वेगळ्या अर्थाने रूढ झाला. १९७६ च्या सागरी क्षेत्रविषयक कायद्याने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतचे अनन्य आर्थिक क्षेत्र भारताच्या अधिकारात आले. तेथील खोल पाण्यात जाण्यास योग्य अशा नौका देशात थोड्या होत्या. परदेशी नौकांच्या मासेमारीचे नियमन करणारा कायदा १९८१ मध्ये झाला. त्याच वर्षीच्या चार्टर धोरणानुसार भारतीय कंपन्यांना परदेशी नौका भाडेकराराने आणण्याची मुभा मिळाली. हे धोरण १९८६ मध्ये सुधारण्यात आले व १९९१ च्या नव्या धोरणाने संयुक्त प्रकल्पांनाही वाव दिला. देशातील मच्छीमार संघटनांनी त्यास तीव्र विरोध केला. परदेशी नौका देशी मच्छीमारांच्या क्षेत्रात शिरतात व तंत्रज्ञानाचा अपेक्षित लाभ देशाला होत नाही, हे त्यांचे मुख्य आक्षेप होते. त्यानंतर नेमलेल्या मुरारी समितीने १९९६ मध्ये असे परवाने रद्द करण्याची व लहान मच्छीमारांची खोल समुद्रात जाण्याची क्षमता वाढविण्याची शिफारस केली.

सुरक्षितता : कुप्याचा हंगाम व अरबी समुद्रातील चक्री वादळांचा दुसरा काळ हे बऱ्याच अंशी एकाच वेळी येतात. ‘फयान’ हे चक्री वादळ ११ नोव्हेंबर २००९ रोजी अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. त्या वेळी समुद्रात असलेल्या अनेक नौका सापडल्या व कोकणातील अनेक मच्छीमारांना प्राण गमवावे लागले. किनाऱ्यापासून दूर असलेल्या नौकेला परतण्यास बराच अवधी लागतो व जाळे पाण्यात असल्यास ते ओढण्याचा वेळ त्यात मिळवावा लागतो. जाळे हे नौकेनंतरचे मोठे भांडवल असल्यामुळे ते कापून टाकण्याचा निर्णय तांडेलाला सहज घेता येत नाही. म्हणून निघण्यापूर्वी हवामान खात्याचा अंदाज पाहणे, प्रत्येक खलाशासाठी जीवरक्षक जाकीट, चालू स्थितीतील बिनतारी संच व स्थाननिर्देशक यंत्र ठेवणे यांस विशेष महत्त्व आहे. समुद्रातील संकटकाळी मदतीसाठी भारतीय तटरक्षक दलाचा १५५४ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

नियमन व संवर्धन : किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीचे नियमन महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ नुसार होते. त्यात २०२१ मध्ये सुधारणा करण्यात आल्या. प्रखर एलईडी दिव्यांनी मासे आकर्षित करून पकडण्यास केंद्र शासनाने २०१७ मध्ये अनन्य आर्थिक क्षेत्रात बंदी घातली. कुपा एका देशाच्या हद्दीत राहत नसल्याने त्याचे व्यवस्थापन आंतरराष्ट्रीय पातळीवरही करावे लागते. हिंद महासागर ट्यूना आयोग त्यासाठी १९९६ पासून कार्य करीत असून भारत त्याचा सदस्य आहे. तरत्या जाळ्यांत डॉल्फिन, कासवे व मुशी हेही गुंतून मरतात. या कारणाने खुल्या समुद्रात २.५ किमी.पेक्षा लांब तरत्या जाळ्यांचा वापर थांबविण्याचे आवाहन संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९९१ मध्ये केले, तर आयोगाने अशा जाळ्यांवरील बंदी २०२२ पासून आपल्या संपूर्ण क्षेत्रास लागू केली. मध्यरात्री तपासता येईल इतक्या मर्यादित लांबीचे जाळे वापरल्यास अडकलेल्या प्राण्यांची सुटका करण्याची संधीही वाढते.

विक्री व उपभोग : कुप्याचे मांस गडद तांबूस, घट्ट व प्रथिनयुक्त असते. कोकणात त्याचे कालवण करतात व तुकड्या तळतात. बंदरावरील लिलावानंतर कोळी स्त्रिया व व्यापारी तो गावोगावच्या बाजारांत नेतात. किनाऱ्यावरच्या गिऱ्हाइकाला मासा त्याच दिवशी मिळतो. पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुकसारख्या समुद्रापासून आत असलेल्या गावांकडे जाईपर्यंत मात्र त्याच्या प्रवासात आणखी काही तासांची भर पडते. तोपर्यंत बर्फ अखंड राहिला, तर मासा निर्धोक राहतो. परंतु रात्री जाळ्यातच गेलेले तास नंतरच्या बर्फाने भरून निघत नाहीत. अशा दूरच्या गिऱ्हाइकाला मासा घेताना हे तास दिसत नाहीत, आणि म्हणूनच त्याच्या अन्नाची सुरक्षितता समुद्रातील नौकेवर जाळे केव्हा ओढले गेले यावर अवलंबून राहते.